अर्धी ओवी

बिलकिसताईंनी विजयमालाच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा त्या हाताला कणीक लागलेली होती. हात जोराचा नव्हता. तान्ह्या पोराच्या ओठांवरचं दूध पुसावं तितकाच हलका. पण विजयमालाच्या जिभेच्या टोकावर आलेले शब्द तसेच माघारी वळले. समोर, विशेष मुलांच्या शाळेच्या स्वयंपाकवर्गातल्या ओट्याशी, तिची उल्का उभी होती. अठरा पूर्ण होत आलेली, आईपेक्षा वीतभर उंच, दोन वेण्या वर बांधलेली. पोळी तव्यावरून ताटात आली होती, तुपाची वाटी उजव्या हाताशी होती, फडकं डाव्या हाताशी. आणि उल्का आईच्या तोंडाकडे बघत उभी होती. त्या तोंडावर दुसऱ्या बाईचा हात आहे हे तिला दिसत होतं, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. उघडायच्या दुकानासमोर उभं राहावं तशी ती शांत उभी होती. आज ना उद्या फळी निघणारच. पोळीतली वाफ निघून गेली. पोळी वातड झाली, तिच्या कडा वर वळल्या. तरी उल्का उभीच.

"बघितलंत?" हात काढून पदराला पुसत उल्काच्या वर्गाच्या बाई, बिलकिसताई, म्हणाल्या. "माफ करा हं. पण मी हात धरला नसता तर तुम्ही म्हटलंच असतं."

"अहो, पण एकदा म्हटलं की ती करते ना. सगळं करते. तुम्ही बघताय की इतकी वर्षं."

"करते कुठं? ती तुम्हाला उत्तर देते, विजयमालाताई. पोळीला तूप लावणं हे तिच्या लेखी कामच नाही. तुम्ही एक ओळ टाकलीत, तिनं दुसरी टाकली, आणि दुसरीबरोबर हात हलला, एवढंच. उद्या प्रेमलाबाईंच्या पोळीभाजी केंद्रात ती ओळ कोण टाकणार?"

विजयमालाच्या ओठांवर कच्च्या कणकेची चव होती, आणि त्या चवीनं तिला भलतीकडेच नेलं. हडपसरच्या मळ्यातलं घर, पहाटेचं जातं, आणि जात्याच्या खुंट्याला धरलेले दोन हात, एक आईचा, एक चुलतीचा. आई तुळजाबाई ओवीचा पहिला चरण टाकायची आणि चुलती दुसऱ्यानं तो झेलायची. एकटीनं ओवी पुरी करायची रीतच नव्हती त्या घरात. एकटीनं दळायला बसली तरी आई पहिला चरण म्हणून थांबायची, जात्याची एक फेरी तशीच मुकी जाऊ द्यायची, जणू समोर कुणी बसलंय, आणि मग दुसरा चरण स्वतःच म्हणायची, पण जरा वेगळ्या आवाजात. गोधडीतून ऐकणाऱ्या लहानग्या विजयमालाला ती मुकी फेरी फार आवडायची. त्या फेरीत कुणीतरी येऊन बसतं असं तिला वाटे. पुढं मळा गेला, मळ्यावर कारखान्याच्या चाळी उठल्या, आणि जातं तेवढं विजयमालाच्या सासरी येऊन उंबऱ्याशी पायरी म्हणून बसवलं गेलं. पण ती मुकी फेरी कुठं गेली नाही. ती विजयमालाच्या आत फिरतच राहिली, आणि एके दिवशी तिच्यात येऊन बसली ती उल्का.

सहा वर्षांची होईतो उल्का बोलली नव्हती. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं, जावांनी सांगायचं नव्हतं तेही सांगितलं होतं. विजयमाला नळाखाली तिचे हात धूत होती, आणि कुठून कोण जाणे, जात्यावरच्या चालीत तिच्या तोंडातून निघालं, मळ्यातल्या पाटाचं, पाणी धावे उताराला. मनानंच जुळवलेलं. ती थांबली. पुढं काही सुचलं नव्हतं म्हणून थांबली, आणि तेवढ्या फेरीत उल्कानं तोंड उघडून म्हटलं, "ला." नुसतं ला. चालीत, सुरात, बरोबर जिथं पडायला हवं तिथं. विजयमाला भिजल्या जमिनीवरच बसली. मग तिनं दुसरा चरण केला, हात गं धुतले, आता पुसते पदराला, आणि शंभरदा म्हणून घेतला, शंभरदा हात धुतले. आषाढ संपेतो उल्का तो चरण आख्खा म्हणायला लागली होती. त्यानंतर विजयमालानं मागं वळून बघितलंच नाही. केस विंचरायची ओवी झाली: केसांचा गं गुंता, वेल चढली मांडवावरी, असं आईनं म्हणायचं, आणि उल्कानं म्हणायचं, हळू धरीते फणी, आधी फिरवी टोकावरी. आणि खरंच ती फणी आधी टोकाशी धरायची. कपडे घालायची ओवी, अंथरूण काढायची ओवी, चप्पल कुठली उजवी नि कुठली डावी त्याची ओवी. शाळेत येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवायचे तेव्हा उल्काला पुढं करायचे. आई एका बाजूला, लेक एका बाजूला. लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांत विजयमालाच्या कधी लक्षात आलं नाही की पहिला चरण तिनं कधीच उल्काला दिला नव्हता. तो तिनं आपल्याच तोंडात ठेवला होता, पदराला मारलेल्या गाठीसारखा. इतकंच काय, ओले हात पुसायला समोर टॉवेल लोंबकळत असायचा आणि उल्का ठिबकते हात घेऊन आईचा पदर शोधत घरभर फिरायची, कारण ओवीत पदर होता. सगळे हसायचे. विजयमालाही हसायची आणि पदर पुढं करायची. पदराचं ते टोक सदा ओलसर असायचं, आणि तो ओलावा तिला आवडायचा. हे आज, कणकेच्या चवीबरोबर, तिला पहिल्यांदाच कळलं, की आवडायचा.

अठरा पूर्ण झाली की शाळा संपते. हा नियम काही कुणी लपवलेला नव्हता, पण विजयमाला त्याच्याकडे मरणाकडे बघावं तशी बघत आली होती. आहे म्हणून माहीत, आपलं नाही म्हणून निवांत. पण तिनं येरवड्याचा रियाज पाहिला होता. शाळेत उल्काच्या पुढच्या वर्गातला, गोरा, हसरा, मेणबत्त्यांचे साचे ओतण्यात हुशार. त्याची शाळा संपून वर्ष उलटलं तेव्हा ती त्याच्या घरी गेली होती. रियाज दारातल्या खाटेवर बसला होता, खांद्याला शाळेचं दप्तर लावून. त्याचे वडील हुसेनभाई चहा देत म्हणाले, "रोज बसतो. रिक्षाची वेळ झाली की बसतो, आणि दुपार टळली की दप्तर काढून ठेवतो. आम्ही पण काही म्हणत नाही आता." विजयमालानं चहा तसाच ठेवला होता. तेव्हापासून तिला स्वप्नात ती खाट दिसायची, आणि खाटेवर दोन वेण्या.

म्हणून बिलकिसताईंनी सदाशिव पेठेतल्या पोळीभाजी केंद्राचं विचारलं तेव्हा तिनं लगेच हो म्हटलं होतं. केंद्राच्या प्रेमलाबाई म्हणजे पंचावन्नच्या पुढच्या, करकरीत, नऊवारीवर पांढरा अॅप्रन बांधणाऱ्या. काम सोपं होतं. सरुबाई पोळ्या लाटून भाजणार, उल्कानं त्यांना तूप लावून फडक्याखाली रचायच्या. "एक सकाळ बघते," प्रेमलाबाई म्हणाल्या होत्या. "जमलं तर राहू दे, नाही जमलं तर नाही. दया मी देवळात करते, इथं पोळ्या करते." आणि आईकडे नखशिखांत बघून, "मुलगी येईल ना? का जोडीच घ्यायची आहे?"

घरी नवऱ्याचं, सर्जेरावांचं, म्हणणं वेगळं होतं. ते कारखान्याच्या पाळीवरून आले की पाय धुऊन उल्काशेजारी बसत, तिच्या ताटात आपल्या ताटातला गूळ ठेवत. "काय गरज हाय?" ते म्हणाले. "घरात काय कमी हाय तिला? परक्याच्या दारात पोळ्या कशाला?"

"आपण काय जन्माला पुरणार आहोत का तिला?"

"ते बघू की तवाचं तवा."

"तवा आपण नसणार, तेच तर म्हणतेय मी."

सर्जेराव गुळाचा खडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुला जमंल का पण? गप राहायला?" आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

जमत नव्हतंच. बिलकिसताईंनी सांगितल्याप्रमाणे ती सकाळी नळाशी उभी राहिली आणि ओळ टाकली नाही. उल्का साबण हातात घेऊन उभी. बादली भरली, वाहिली, पाणी मोरीतून अंगणात आलं, साबण विरघळून बोटांतून गळायला लागला, आणि लेकीच्या चेहऱ्यावर राग नाही की रड नाही, नुसतं ते वाट बघणं. विजयमालाच्या छातीत दूध दाटावं तशी ओळ दाटली. तिनं म्हटली. दुसऱ्या दिवशीही म्हटली. तिसऱ्यांदा मात्र तिनं डब्यातून लवंग घेतली आणि दातांत धरली. ओळ वर आली की लवंग चावायची. तिखट झणका जिभेवर पसरायचा, डोळ्यांत पाणी यायचं, जीभ बधिर व्हायची. अशा लवंगा चावत तिनं मार्च काढला. त्या दिवसांत घर इतकं मुकं झालं की शेजारीण विचारून गेली, भांडण झालंय का म्हणून. कधी उल्का उभी राहून राहून कंटाळायची आणि काम टाकून द्यायची. कधी, फार क्वचित, पाठ वळवून विजयमाला गल्लीत जाऊन उभी राहिली की आत नळ बंद झाल्याचा आवाज यायचा. आत जाऊन बघावं तर हात धुतलेले. पण ओलेच, आणि ती पदर शोधत उंबऱ्यातल्या जात्यावर उभी. मग विजयमाला पदर मागं खोचून टॉवेलकडे बोट दाखवायची आणि तोंड फिरवायची. एखाद्या बाईनं पोरीला सासरी धाडताना फिरवावं तसं. पण तिथं निदान वऱ्हाड असतं, रडायची सोय असते.

कसोटीची सकाळ चैत्रातली होती. सदाशिव पेठेत सायकली आणि स्कूटरी नुसत्या वाहत होत्या. क्लासला निघालेली पोरं, खांद्यावर झोळ्या, तोंडात न उमगणारी गणितं. प्रेमलाबाईंनी दारातच हद्द आखून दिली. "मुलगी इथं, आई तिथं, मधे रस्ता. आणि आमच्याकडे गाणी चालत नाहीत. हे पोळीभाजी केंद्र आहे, भजनी मंडळ नाही." उल्कानं त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. मग ती सरुबाईंच्या मागं आत गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि विजयमाला, जिला तिनं वळू नये असंच वाटत होतं, ती वाट बघत उभी राहिली की ती वळेल.

रस्त्यापलीकडे एक दवाखाना होता. त्याच्या बाहेरच्या बाकावर, खोकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे, विजयमाला जाऊन बसली. तिथून केंद्राची खिडकी सरळ दिसत होती, खिडकीत ओटा, ओट्याशी उल्काची एक वेणी आणि उजवा हात. कंपाउंडर बाहेर डोकावला. "नंबर लावलाय का?" लवंग दातांत होती. तिनं मान हलवली. "मग काय होतंय?" तिनं पुन्हा मान हलवली. "बोलता येत नाही?" तिनं होकार दिला. "घसा," असं म्हणून तो समाधानानं आत गेला.

पहिली पोळी ताटात पडली. उल्का थांबली. वेणी हलली नाही, हात हलला नाही. सरुबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा तव्याकडे, आणि दुसरी पोळी पहिलीवर टाकली. बिनतुपाची पोळी पोळीला चिकटणार हे इथून, रस्त्यापलीकडून, विजयमालाला हातांत जाणवलं. प्रेमलाबाई मागं येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उल्कानं मान वळवली. खिडकीतून, रस्त्यावरून, स्कूटरींच्या वरून तिची नजर आली आणि आईच्या तोंडावर येऊन बसली. खाट. दप्तर. ओलसर पदर. उठून रस्ता ओलांडायला किती वेळ लागला असता? ओरडलं असतं तरी ऐकू गेलं असतं. विजयमालानं लवंग इतक्या जोरात चावली की तिचे दोन तुकडे झाले. आणि बोलता येत नव्हतं म्हणून तिनं मनात म्हटलं, सावकाश, जात्याच्या चालीत, शब्द न शब्द: तव्यावर फुगे पोळी, चंद्र उगवे पुनवेचा.

उल्कानं मान किंचित तिरकी केली. लांबच्या विहिरीतून पोहऱ्याचा आवाज यावा आणि माणसानं कान द्यावा, तशी. आणि विजयमालाच्या मनातला चरण जिथं संपला, बरोबर तिथं, तिचे ओठ हलले आणि हात वाटीकडे गेला. आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता. पण ओठांवरून शब्द वाचता येत होते, तुपाचा हात फिरे, वर पदर फडक्याचा. पोळ्या सुटल्या, तूप लागलं, फडकं पडलं. म्हातारा शेजारी खोकला. विजयमालाला वाटलं, आपल्यातून तिच्यापर्यंत एक दोरी ताणलेली आहे, रस्त्यावरून, सायकलींच्या वरून, कुणाला न दिसणारी. आणि ती इतकी सुखावली की तिला घाम फुटला. पुढच्या पोळीला तिनं पुन्हा मनात म्हटलं. पुन्हा मान तिरकी, पुन्हा तेवढाच थांब, पुन्हा हात. मी आहे, ती मनात म्हणत होती, मी इथंच आहे, बाई, मी आहे.

मग तिला अवदसा आठवली म्हणा किंवा शहाणपण, तिनं ठरवून मन दुसरीकडे नेलं. ती समोर गर्दीत हळूहळू सरकणाऱ्या स्कूटरच्या चाकाकडे बघत बसली. चाकाला चिकटलेलं गुलमोहराचं पान. पान वर, पान खाली. ओळ तिनं म्हटली नाही, तिच्या वाटेला मनही जाऊ दिलं नाही. आणि पुन्हा मान वर करून बघितलं तर पोळी फडक्याखाली गेलेली, आणि उल्का पुढच्या पोळीसाठी मान तिरकी करून उभी. तेवढाच थांब. एका चरणाएवढा, ना कमी ना जास्त. एक मुकी फेरी. त्या फेरीत कुणीतरी येऊन बसत होतं, पहिला चरण टाकत होतं आणि उठून जात होतं, आणि ते जे कुणी होतं त्याला बाकावरच्या या बाईची गरज नव्हती. विजयमालाला एकदम आपली आई आठवली, तुळजाबाई, खुंट्याला एकच हात. आणि ती मुकी फेरी कुणासाठी सोडायची हे तिनं आईला कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला आई नव्हती. दोरी नव्हतीच. की होती, पण या टोकाला नव्हती. छातीत आनंद असा दाटला होता की तो आनंद आहे हे ओळखू येईना. हेच मागितलं होतं ना? याच्यासाठीच ना जीभ जाळून घेतली? मग हे काय होतं, पदर कोरडा पडल्यासारखं, भर सकाळी, माणसांनी भरलेल्या पेठेत? तिला वाटलं उठावं, जावं, त्या पांढऱ्या अॅप्रनवालीला सांगावं, ती जे ऐकतेय ना, ते माझं आहे. मी केलंय ते. मोरीत बसून.

दुपारपर्यंत मान तिरकी होणंही थांबलं. उल्काचे ओठही हलेनासे झाले. हात आपापले चालले होते.

"उद्यापासून पाठवा," प्रेमलाबाई दारात म्हणाल्या. "सुरुवातीला दोन वाया घालवल्यान, पण आमच्या सरूनं पहिल्या दिवशी ताट वाया घालवलं होतं." आतून सरुबाईंचा आवाज आला, "अहो, ताट नव्हे, चारच!" "आणि तुम्ही येऊ नका. बाकावरचे पेशंट घाबरतील." विजयमालाची जीभ अजून बधिर होती. तिनं नुसते हात जोडले. उल्का बाहेर आली, तुपाचा आणि भाजल्या गव्हाचा वास घेऊन. कुणा दुसऱ्याच्या घरच्या लेकीचा वास. हात तिनं धुतलेले होते. आणि कोरडे होते.

टिळक रस्त्यावरच्या थांब्यावर ऊन तापलं होतं. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. लांबून लाल बस वळताना दिसली आणि विजयमालाचा तोल गेला. मार्चभर दाबलेलं, सकाळभर चावलेलं, सगळं एकदम वर आलं. आता काय बिघडणार होतं? काम झालं होतं, परीक्षा सरली होती, इथं ना बिलकिसताई होत्या ना प्रेमलाबाई. एकदा, फक्त एकदा, तिला तो आवाज ऐकायचा होता, आपल्या ओळीला येऊन भिडणारा. ती लेकीकडे वळली आणि बधिर, जड जिभेनं, रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्यानं, तिनं बसची ओवी टाकली.

"हडपसरची गाडी आली, धूळ उडे रस्त्यावरी..."

आणि थांबली. फेरी सोडली.

उल्कानं तिच्याकडे बघितलं. डोळे मोठे केले. मग कमरेवर हात ठेवून, खणखणीत, पेठेतल्या सुरात म्हणाली, "हे भजनी मंडळ नाही."

थांब्यावरचा एक पोरगा फिस्सकन हसला. विजयमालाचं तोंड उघडंच राहिलं. अठरा वर्षांत या मुलीच्या तोंडून असं वाक्य आलं नव्हतं, की जे आईनं तिच्या तोंडात घातलेलं नाही. हे बाहेरून आणलेलं होतं. तिनं एकटीनं, रस्त्यापलीकडून, फडक्याखाली झाकून, गरम गरम घरी आणलेलं होतं. बस येऊन थांबली. उल्कानं दांडी धरली, पायरीवर पाय ठेवला, आणि आत जाऊन खिडकीशी बसलीसुद्धा, काही न म्हणता, जणू असंच तर चढतात.

"ओ मावशी," कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, "यायचंय का राहायचंय?"

विजयमाला रस्त्यातच उभी होती. चाकांनी उडवलेली धूळ अजून खाली बसायची होती, आणि तिच्या तोंडात ओवीचा अर्धा भाग तसाच उघडा पडलेला होता. मग तिनं हात लांब केला. गरम दांडी मुठीत आली. "दांडीला धरिते," ती म्हणाली. तो चरण तिनं कधीच म्हटला नव्हता. तो लेकीचा होता. शब्द आठवावे लागले. आवाज जरा वेगळाच निघाला, आईचा निघायचा तसा. "दांडीला धरिते, मग पाय पायरीवरी." आणि ती वर चढली.